लाल सुतळीच्या पिशव्या

तुमचं संशोधन कशावर आहे, असं कोणी विचारलं की पूर्वी मी 'जटिल पदार्थांवर' असं सांगायचो. समोरचा आदरानं मान हलवायचा आणि विषय बदलायचा. पुढं मी 'वाळू आणि चिखल' असं सांगायला लागलो. तेव्हापासून लोक प्रश्न जास्त विचारतात आणि आदर कमी करतात. दोन्ही बदल मला मानवले आहेत. माझे थोरले मेहुणे मात्र वीस वर्षं एकच प्रश्न विचारतात, "काय पावणं, अजून वाळूतच का?" मीही दर वेळी 'होय' म्हणतो. प्राध्यापकाच्या आयुष्याचं याहून नेमकं वर्णन मी तरी ऐकलेलं नाही.

हे पदार्थ धड घन नसतात आणि धड द्रवही नसतात. दाबले तर उभे राहतात, ढवळले तर वाहतात, आणि थोडा वेळ तसेच सोडले तर बदलतात. माझी त्यांची ओळख कुरुंदवाडला नदीकाठी झाली. पुराचं पाणी ओसरलं की काठावर जो गाळ राहतो, त्यावरून पळत गेलं तर तो पेलतो, आणि थांबलं की पाय गिळतो. हे गावातल्या सगळ्या पोरांना ठाऊक होतं. मी त्यात नव्या चपला घालवल्या, म्हणून माझ्या जरा जास्त लक्षात राहिलं. पुढं त्याच प्रश्नावर मला पदवी मिळाली. चपला मिळाल्या नाहीत.

शिक्षण संपवून, दोन-तीन वर्षं परदेशात काढून मी कोल्हापूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लागलो. बाहेर असताना सहकारी विचारायचे, तिथं परत जाऊन तू काय करणार? मलाही नीट माहीत नव्हतं. इथं आल्यावर कळलं की शहराच्या कडेला जिकडं जावं तिकडं फौंड्री आहे आणि प्रत्येक फौंड्रीत माझ्या विषयाचा डोंगर लागलेला आहे. लोखंड वितळवून ज्या साच्यात ओततात, तो साचा ओल्या वाळूचा असतो. वाळू, एक चिकट माती, थोडी कोळशाची भुकटी आणि पाणी. पाणी जास्त झालं तर वाफ होऊन लोखंडात भोकं पडतात, कमी झालं तर साचा ढासळतो आणि वाळू लोखंडात जाते. दोन्ही वेळा माल बाद. ज्या प्रश्नासाठी बाहेर लोक काचेच्या मण्यांचे ढीग करून बसतात, तो प्रश्न इथं रोज सकाळी आठला फावड्यानं उपसला जात होता.

त्या फौंड्रींपैकी एकीत मला चाचा भेटले. साचे करणारे मिस्त्री. त्यांचे वडीलही तेच काम करायचे. वाळू पारखण्याची त्यांची रीत अशी : मूठभर घ्यायची, दाबायची, मूठ उघडून बोटांचे ठसे नीट उठलेत का ते बघायचं, आणि मग तो मुटका मधोमध मोडायचा. कड स्वच्छ तुटली तर वाळू चांगली. या परीक्षेला तीन सेकंद लागतात. आमच्या प्रयोगशाळेत तेच करायला अर्धा दिवस लागतो, पण आमच्याकडं आलेख निघतो.

माझ्याकडं तेव्हा एक मुलगी पीएचडी करत होती. गडमुडशिंगीची. घरी शेती आणि चार म्हशी, पहाटे धारा काढून ही स्कूटीवरून प्रयोगशाळेत. दुपारी दुसऱ्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. वारणेकडच्या एका कॉलेजात दोन वर्षांनी कायमची जागा निघणार होती, आणि तिला पदवी लागत होती. म्हणजे प्रबंध त्याआधी संपायला हवा होता. तिचं सगळं त्या एका प्रबंधावर अडलेलं होतं. तिनं ते मला एकदाच सांगितलं, परत कधी बोलली नाही. मी मात्र विसरलो नाही.

तिनं एक यंत्र बनवलं होतं. वाळूचा थर हळूहळू सरकवायचा आणि तो कुठल्या क्षणी ढासळतो ते मोजायचं. नमुने चाचांनी पाठवायचे, असं ठरलं. ज्या दिवशी लोखंडाचे ओतीव भाग चांगले निघतील त्या दिवशीची वाळू पांढऱ्या सुतळीच्या पिशवीत, आणि ज्या दिवशी जास्त बाद होतील त्या दिवशीची लाल सुतळीच्या. पिशवी हवाबंद करून फौंड्रीच्या टेम्पोतून कॉलेजात. पहिल्या आठवड्यात मी तिला घेऊन जाऊन व्यवस्था बघून आलो. तेव्हापासून चाचा तिला 'पोरी' म्हणायला लागले आणि फोनवर तिची विचारपूस करायला लागले. त्यानंतर दोन वर्षं मी फक्त आलेख बघितले.

आलेख चकित करणारे होते. लाल आणि पांढऱ्या सुतळीच्या वाळूत जवळपास काहीच फरक नव्हता! म्हणजे माल बाद होण्याचं खापर इतकी वर्षं वाळूवर उगाच फुटत होतं. असं का व्हावं, याचं एक स्पष्टीकरण मी मांडलं. ते सुंदर होतं. सुंदर स्पष्टीकरणाचं एक असतं, ते तपासून बघावंसं वाटत नाही. आम्ही शोधनिबंध लिहिला, परदेशातल्या एका नियतकालिकानं तो स्वीकारला, आणि मुलीच्या प्रबंधाचा मधला मोठा भाग तयार झाला.

कॉलेजला ही बातमी कळली आणि सत्कार ठरला. आमच्याकडं काहीही झालं तरी सत्कार ठरतो. एकदा एका सहकाऱ्याची बदली रद्द झाली म्हणून आणि पुढच्या महिन्यात पुन्हा झाली म्हणून, असे त्याचे दोन सत्कार झाले होते. माझ्या सत्काराचा फ्लेक्स गेटवर लागला. त्यावर 'जागतिक कीर्तीचे' असं लिहिलं होतं आणि वीस वर्षांपूर्वीचा फोटो होता. त्या माणसाला मी ओळखत होतो, पण बऱ्याच दिवसांत आमची भेट नव्हती. मुलीचं नाव खाली उजव्या कोपऱ्यात, छापखान्याच्या फोन नंबरच्या वर.

चाचांनाही कार्यक्रमाला बोलवायचं, असं तिनं ठरवलं. फोन नको, पेढे घेऊन जाऊ, म्हणाली. आम्ही दोघं एका दुपारी न सांगता फौंड्रीत गेलो.

चाचा वाळूच्या ढिगापाशी उकिडवे बसले होते. खांद्यावर लाल सुतळीचा तुकडा. पुढ्यात चाळण. ते वाळू चाळत होते, खडे बाजूला टाकत होते, अंगणात सडा घालावा तसं बोटांनी पाणी शिंपडत होते आणि तळहातानं मळत होते. शेजारी आधीच तयार केलेला एक लहान ढीग ओल्या गोणपाटाखाली झाकलेला होता.

"चाचा, काय करालाय?" तिनं विचारलं.

"तुजीच पिशवी भरालोय की."

"आन् चाळालाय कशाला?"

"चाळल्याबिगर धाडू व्हय? आज वाळू लई बेकार हाय. सकाळपास्नं माल बाद निघालाय नुस्ता."

"आवं, मग तीच बेकार वाळू पायजे हुती मला!"

लहान पोरानं काही अडाणी बोललं तर मोठी माणसं हसतात, तसे चाचा हसले. "पायजे म्हनं. आन् परीक्षेत नापास झालीस मजी?"

"कुनाची परीक्षा?"

"तुजी. वाळू तपासून तुजा निकाल लावनार न्हवं सर? मला काय कळत न्हाय व्हय? पयल्यापास्नं एक पिशवी मी तशीच धाडलेली न्हाय. पोरगी दुसऱ्याच्या दारात जी वाळू नेनार, ती अशी बेकार धाडू? सरास्नी इचार."

सरांना विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोन वर्षं लाल सुतळीच्या प्रत्येक पिशवीत चाचांनी दुरुस्त केलेली वाळू येत होती. खराब आणि चांगली यांत फरक सापडला नाही, कारण खराब वाळू आमच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. एका मिस्त्रीनं एका पोरीवरच्या मायेपोटी ती वाटेतच सुधारली होती.

चाचांनी पेढा घेतला. "कशाचं गं?"

"असंच, चाचा," ती म्हणाली. सत्काराचं आमंत्रण द्यायचं राहून गेलं.

आम्ही परत निघालो. मला रागावायचं होतं, पण रागावण्यासाठी माणूस सापडत नव्हता. गेल्याच वर्षी आमच्या कॉलेजात तपासणी समिती आली होती. तेव्हा कुंड्यांना गेरू लागला, ग्रंथालयात खुर्च्या उसन्या आल्या, आणि बंद पडलेल्या एका यंत्रावर नवं कापड घालून शेजारी फुलदाणी ठेवली गेली. त्या यंत्रापाशी मी स्वतः उभा होतो, आणि ते सुरू करून दाखवा असं कोणी म्हणायच्या आत पाहुण्यांना चहाकडं वळवलं होतं. पाहुण्यापुढं वाईट ते ठेवायचं नाही, ही रीत चाचा आणि मी एकाच मुलखात शिकलो होतो. फरक इतकाच की चाचांनी वाळू खरोखर चांगली करून दिली होती. मी नुसतं कापड टाकलं होतं.

कॉलेजात आल्यावर तिनं विचारलं, "सर, आता?"

"उद्या बोलू," मी म्हणालो.

खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मी निबंधात घालण्यासाठी एक वाक्य शोधत होतो. खोटं नसलेलं आणि खरंही न सांगणारं. अशी वाक्यं लिहिण्यात आमच्या व्यवसायानं मोठी प्रगती केली आहे. हे फक्त तिघांना माहीत होतं, त्यातल्या एकाला आपण काय केलं तेच ठाऊक नव्हतं, आणि मुलीची जागा महिन्याभरावर आली होती. मी स्वतःला सांगत होतो की हे मी तिच्यासाठी करतोय. गेटवरच्या फ्लेक्सचा विचार माझ्या मनात अजिबात नव्हता, असं मी म्हणणार नाही.

सकाळी मी पोहोचलो तर ती माझ्या केबिनबाहेर उभी. हातात नियतकालिकाच्या संपादकांना लिहिलेलं पत्र. नमुने कसे घेतले गेले, काय चुकलं, म्हणून निबंध मागं घेत आहोत. खाली तिची सही आणि माझ्या सहीसाठी मोकळी जागा.

"धारा काढायच्या आधी उठून लिहिलं," ती म्हणाली. "इंग्रजी चुकलं असेल तर सांगा, सर. बाकी काही बदलू नका."

"त्या जागेचं काय?"

"ती जाईल."

"घरी सांगितलंस?"

"आईला सांगितलं. ती म्हणाली, दुधात पाणी घालून डेअरीत गेलं की आज न्हाय उद्या कळतंच. मग आजच जा आन् सांग."

मी इंग्रजी तपासलं. एक स्वल्पविराम कमी होता. तो घातला आणि सही केली. माझ्या नोकरीत मी बऱ्याच कागदांवर सह्या केल्या, पण दुसऱ्यानं माझ्यासाठी धैर्य आयतं आणून ठेवलेला कागद तो एकच. त्या मुलीचा मी गुरू होतो, असं कागदोपत्री नोंदलेलं आहे. कागद तपासायला हवेत.

प्राचार्यांना सांगायला गेलो. सज्जन माणूस. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण सर, फेटेवाला ठरलाय."

"दुसऱ्या कुणाला बांधा."

"पाहुणे निघालेत हो. सत्कार तर करून घेऊ? निबंधाचा विषय भाषणात काढायला नको. तसंही कोण विचारतंय?"

हे मात्र त्यांचं अगदी खरं होतं. कोणीच विचारलं नसतं. शेवटी तो कार्यक्रम एका निवृत्त होणाऱ्या लिपिकाच्या नावानं झाला. त्यानं तीस वर्षं मुलांचे दाखले वेळेवर दिले होते. माझ्या माहितीतला तो एकमेव सत्कार ज्यात टाळ्या कोणी खूण न करता वाजल्या.

आता चाचांना सांगणं उरलं होतं. मी तयारी करत होतो, तर ती स्वतःच जाऊन सांगून आली. काय झालं ते तिच्याकडून कळलं. चाचांनी हातातली चाळण खाली ठेवली. मग म्हणाले, "मजी मीच पोरीचं वाटोळं केलं." ती म्हणाली, "चाचा, बेकार वाळू तुमी हातानं चांगली करतासा. वाळू मळायच्या मिक्सरला ते जमत न्हाय. तेवढंच मला मोजायचंय."

"त्यात काय मोजायचं? चाळायची, पानी मारायचं, मळायची आन् झाकून ठेवायची. भिजू द्यायची की जरा."

"जरा मजी किती?"

"दुपारची नमाज पढून येईतो."

हे आमच्या प्रबंधातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य ठरलं, जरी ते तिथं या शब्दांत आलेलं नाही.

काम पहिल्यापासून सुरू झालं. आता ती स्वतः फौंड्रीत जायची. चाचांचा हात लागायच्या आधी एक पिशवी, लागल्यावर दुसरी. पहिले काही दिवस चाचांना ते बघवत नसे. ती खराब वाळू भरायला लागली की त्यांचा हात आपसूक चाळणीकडं जायचा. "चाचा!" ती ओरडायची. "न्हाय गं, माशी हाकलालोय," ते म्हणायचे. मग त्यांनीच तोड काढली : ती पहिली पिशवी भरत असताना ते ढिगाकडं पाठ करून उभे राहायचे. पावसाळ्यात नमुन्यांचा ढीग झाकायला काही हवं होतं, तेव्हा तिनं गोदामातून माझा फ्लेक्स मागून नेला. चाचांनी तो फोटो आत जाईल असा दुमडला. "सरांच्या तोंडावर पानी नको," म्हणाले. माझ्या वाट्याला आलेला हाच तो सत्कार, आणि मी त्यावर समाधानी आहे.

या वेळी आलेख सरळ दोन वाटांनी गेले. खराब वाळू खराब होती, चांगली चांगली होती, आणि मधलं अंतर चाचांच्या हातानं आणि त्या झाकून ठेवलेल्या वेळानं भरून निघत होतं. मिक्सरमध्ये पाणी घालून वाळू लगेच वापरली की पाणी मातीच्या भोवती राहतं, आत शिरत नाही. त्याला वेळ लागतो. पुस्तकांत हे अर्ध्या ओळीत लिहिलेलं आहे. मी ती अर्धी ओळ वर्गात कितीतरी वेळा वाचून दाखवली होती.

एक गोष्ट मात्र कळेना. काही दिवसांच्या पिशव्या इतरांपेक्षा थोड्या सरस निघत होत्या. तिनं वही काढून दिवस जुळवले. सगळे शुक्रवार.

"चाचा, शुक्रवारी काय येगळं करतासा?"

"काय न्हाय. जुम्म्याला जरा येळ लागतो यायला. नमाजीआदी खुत्बा असतो न्हवं, इमामांचं भाषन."

वाळूला मुरायला जास्त वेळ मिळत होता, इतकंच. तो तक्ता प्रबंधात आहे. त्यात झाकून ठेवलेला वेळ मिनिटांत दिलेला आहे.

या सगळ्याला दीड वर्ष गेलं. वारणेकडची ती जागा तिच्या हातून गेली, तिथं दुसरं कोणी लागलं. त्या दीड वर्षात तिच्या तोंडून मी त्याबद्दल अवाक्षर ऐकलं नाही. एकदा फक्त तिकडच्या दुधाची पिशवी चहासाठी आणली होती, ती तिनं जरा जास्तच जोरानं फाडली. पुढं शहरातच तिला जागा मिळाली, पण हे तेव्हा तिला किंवा मला माहीत नव्हतं. म्हणून मी ते तिच्या हिशेबात धरत नाही.

शेवटची तोंडी परीक्षा खुली असते, कोणालाही बसता येतं. सहसा कोणी बसत नाही. त्या दिवशी तिची आई आली होती आणि चाचा आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. टेबलावर दोन ताटल्या ठेवल्या होत्या. एकीत चाचांनी हात लावलेली वाळू, दुसरीत त्याच दिवशीची, तशीच राहू दिलेली. बाहेरून आलेले परीक्षक कडक म्हणून प्रसिद्ध. त्यांनी तासभर तिला पिळून काढलं. मग विचारलं, "तुमचा पहिला निबंध तुम्ही मागं घेतला होता, असं इथं लिहिलंय. हे लिहायची काय गरज होती?"

"तिथनंच काम सुरू झालं, सर," ती म्हणाली. "खराब वाळू खराब म्हणून बघायला मिळत नव्हती. ती कशी चांगली होते, हे त्या मागं बसलेल्या मिस्त्रींनी दाखवलं."

परीक्षक उठले. पहिल्या ताटलीतली मूठभर वाळू दाबून त्यांनी मुटका केला, मोडला. कड स्वच्छ तुटली. मग दुसरीतली घेतली. मूठ उघडताच ती बोटांतून सांडली, थोडी टेबलक्लॉथवर, थोडी त्यांच्या बुटावर. कोणीतरी हसलं. "ही तर अगदीच टाकाऊ आहे," परीक्षक म्हणाले.

मी मागं वळून पाहिलं. चाचा जागेवरून उठून उभे राहिले होते. बाहेरून आलेल्या पाहुण्यासमोर त्यांच्या फौंड्रीची, त्यांच्या पोरीच्या परीक्षेची वाळू टाकाऊ ठरत होती, आणि ताटलीशेजारी पाण्याचा ग्लास भरून ठेवलेला होता. पण ते पुढं आले नाहीत. त्यांनी दोन्ही हात पोटाशी घेतले होते आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.